नाताळ लेकीकडे, पंगत नागपुरात : परदेशी जाताना रस्त्यावरच्या मुलांचं रविवारचं जेवण चालू कसं ठेवायचं

पहिल्यांदा नाताळसाठी लेकीकडे एडिनबराला गेले, तेव्हा सीताबर्डीतलं आमचं रविवारचं जेवण मी फोनवरून चालवायला निघाले होते. पहिला रविवार निभावला. दुसऱ्या रविवारी खिचडी सकाळी सातलाच शिजवून, झाकण घट्ट लावून ठेवली गेली आणि दुपारी एकला उघडली. आंबूस वास आला. चाळीसेक मुलं ताटं घेऊन बसलेली. आमच्या मंडळीतल्या दोन जणींनी धावत जाऊन पाव आणि केळी आणली, पण तोवर अर्धी मुलं उठून गेली होती.

चूक त्या दोघींची नव्हती. खिचडी दहाच्या आधी चढवायची नाही आणि उतरवल्यावर दोन तासांत संपवायची, हे फक्त माझ्या डोक्यात होतं. कुठे लिहिलेलं नव्हतं, कोणाला सांगितलेलं नव्हतं. त्यानंतर मी तीनदा जाऊन आले आणि एकही रविवार चुकला नाही. त्यासाठी काय काय करावं लागलं ते इथे क्रमाने लिहिते. तुम्ही मेलबर्नला जा की टोरांटोला, आणि पंगत तुमच्या चर्चची असो, भिशी मंडळाची असो की चार मैत्रिणींची, यातलं बरंचसं जसंच्या तसं वापरता येईल.

आधी दिवस ठरवा, आणि तो २५ डिसेंबर नसेल तर बरं

नाताळच्या दिवशी जेवण द्यावं असं आपल्याला मनापासून वाटतं. मलाही वाटायचं. पण २४ च्या रात्री आणि २५ ला सदरमधल्या चर्चच्या फाटकांबाहेर उभं राहून पाहा. एकेका मुलाच्या हातात केकचे तीन-तीन तुकडे, बिस्किटाचे पुडे, पुलावाचे डबे असतात. त्याच मुलाला ४ जानेवारीला कोणी विचारत नाही. आणि नागपूरची खरी थंडी तर तेव्हाच असते. २०१८ च्या डिसेंबरअखेर पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. रात्रभर कुडकुडलेल्या पोराला सकाळी जी भूक लागते, ती वेगळीच असते.

म्हणून तुमच्याकडे एकाच जेवणाचे पैसे असतील, तर ते जानेवारीतल्या एखाद्या साध्या रविवारी लावा. नवीन पंगत सुरू करण्यापेक्षा जिथे आधीपासून नियमित जेवण चालतं, तिथे तो दिवस उचला. आणि स्वतःची पंगत असेल, तर तुम्ही नसताना एकही वार मोडू देऊ नका. ही मुलं वार मोजतात. स्टेशनवरून, मोरभवन बसस्थानकावरून, मंदिरांच्या पायऱ्यांवरून ती चालत येतात. एकदा येऊन रिकाम्या पोटी परतली की पुढच्या वेळी येतीलच याचा भरवसा नाही.

आम्ही रविवार का धरला तेही सांगते. आमच्याकडची निम्मी मुलं महापालिकेच्या शाळेत नाव असलेली आहेत. आठवडाभर त्यांना शाळेत पोषण आहार मिळतो, रविवारी काही नाही. तुम्ही नव्याने वार निवडणार असाल, तर त्या भागातल्या मुलांचं कोणत्या दिवशी हुकतं ते आधी त्यांनाच विचारा.

आठ आठवडे आधी : किल्ली दोघींकडे

एका माणसावर सोपवू नका. त्या एकीला ताप आला, तिच्या घरी पाहुणे आले, तर पंगत बंद. दोघी हव्यात, आणि दोघींकडे जागेची किल्ली, दुकानदाराचा नंबर, पैशाची वही असं सगळं सारखं हवं. त्यांच्या मदतीला चार-पाच जण असले की साठ मुलांचं होतं. एक जण गॅसपाशी, एक जण हात धुवायच्या नळापाशी, दोघं वाढायला आणि एक जण नुसतं मुलांसोबत बसायला. हे शेवटचं काम लोकांना बिनकामाचं वाटतं. मला ते सगळ्यात मोलाचं वाटतं. कोण खोकतंय, कोण आज गप्प आहे, कोणाच्या पायाला जखम आहे, हे फक्त बसलेल्या माणसाला दिसतं.

कामं वाटून झाली की निदान तीन रविवार तुम्ही मागे राहा. झारा त्यांच्या हातात, तुम्ही कोपऱ्यात. मुलांना नव्या चेहऱ्यांची सवय व्हायला एवढा वेळ लागतोच. मी पहिल्या वर्षी हे केलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी मुलांना सरळ सांगितलं की मी लेकीकडे जाते आहे, पाच रविवार नसेन, जेवण असेल. सात-आठ वर्षांची एक मुलगी बोटं मोजत म्हणाली, ‘‘पाच म्हणजे किती, मावशी?’’ मी भिंतीवर खडूने पाच रेघा ओढल्या. दर रविवारी जेवण झालं की एक रेघ पुसायची, हे काम तिच्याकडे दिलं. तुम्हीही असं काही करा. मोठी माणसं न सांगता नाहीशी होतात, याचा या मुलांना फार अनुभव असतो.

जागा शाळेची किंवा संस्थेची असेल, तर तुम्ही नसतानाच्या तारखांसाठी लेखी परवानगी घ्या आणि तिच्या दोन प्रती करून दोघींकडे ठेवा. डिसेंबरात नागपुरात आणखी एक भानगड असते, ती म्हणजे विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन. १९५३ च्या नागपूर कराराप्रमाणे वर्षातलं एक अधिवेशन इथे भरतं. त्या दिवसांत सीताबर्डी, झिरो माइल, सिव्हिल लाइन्सच्या आसपास कठडे लागतात, मोर्चे निघतात, रस्ते वळवले जातात आणि फुटपाथवरची कुटुंबं दुसरीकडे सरकतात. तेव्हा खिचडीचा गंज (मोठं पातेलं) नेणारा ऑटो कुठल्या रस्त्याने जाईल आणि मुलं कुठे सापडतील, या दोन्ही गोष्टी आधीच्या शनिवारी एकाने फिरून पाहायच्या. हे काम नावानिशी कोणाला तरी नेमून द्या.

चार आठवडे आधी : स्वयंपाकाची वही

आता तुमच्या डोक्यातलं सगळं वहीत उतरवायचं. ‘अंदाजाने मीठ’ असं लिहायचं नाही.

प्रमाणासाठी मी सरकारी पोषण आहाराचा हिशोब पायाला धरते. पहिली ते पाचवीच्या मुलामागे १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी, ७.५ ग्रॅम तेल. लहान मुलाला त्यातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं, मोठ्याला ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असा त्यामागचा हेतू आहे. आमच्याकडे साधारण चाळीस लहान आणि वीस मोठी मुलं येतात. या मापाने सात किलो तांदूळ आणि १.४ किलो डाळ होते. आम्ही तांदूळ कमी करून डाळ वाढवली आणि वर एक-एक उकडलेलं अंडं ठेवलं. या मुलांच्या पोटात आठवडाभर पाव, वडापाव आणि चहा जातोच. भाताने पोट भरतं, पण त्यांना कमी पडते ती डाळ.

आमच्या वहीतलं साठ जणांच्या मूगडाळ खिचडीचं पान असं आहे. तांदूळ ५ किलो, मूगडाळ २.५ किलो, आलू २ किलो, गाजर आणि फुलकोबी मिळून २ किलो, पालक चार जुड्या, टमाटर १ किलो, तेल ६०० ग्रॅम, हळद ३० ग्रॅम, जिरं ५० ग्रॅम, मीठ आधी २०० ग्रॅम आणि मग चाखून. वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर, भरपूर. तिखट जवळजवळ नाही, कारण थंडीत ओठ फुटलेले असतात आणि तोंड आलेली मुलं तिखटाने जेवण टाकून उठतात. पाणी २४ लिटर. एका मोठ्या गंजाऐवजी दोन मध्यम घ्या. पन्नास लिटरचा भरलेला गंज दोन बायकांना उचलत नाही, आणि खाली लागला तर सगळंच जातं.

वेळाही लिहा. साडेनऊला डाळ-तांदूळ धुऊन भिजवायचे. सव्वादहाला फोडणी. पावणेबाराला रटरटत असताना उतरवायचं. बाराला ऑटो निघायचा. साडेबाराला पहिलं ताट. पावणेदोननंतर उरलेलं काही कोणाला द्यायचं नाही. शिजलेला भात कोमट राहिला की त्यात जंतू वाढतात, आणि पुन्हा गरम केला तरी त्यांनी सोडलेलं विष जात नाही. दिवस थंडीचे आहेत म्हणून ही वेळ ढिली करू नका. आमची खिचडी थंडीतच बिघडली होती.

अंडी शिजली की लगेच गार पाण्यात घाला आणि वाढायच्या अर्धा तास आधीच सोला. सोलून ठेवलेली अंडी पिशवीत चिकट होतात. काही मुलं अंडं खात नाहीत. त्यांच्यासाठी उकडलेले चणे वेगळे ठेवायचे, आणि का खात नाही हे विचारायचं नाही. फल्लीदाण्याची चिक्की देत असाल, तर कोणाला दाण्याचा त्रास होतो का एवढं मात्र नक्की विचारा. क्रीमचा केक, खवा, बासुंदी यातलं काही नको. नाताळचा गोडवा हवा असेल तर साधा सुका केक द्या, किंवा आपल्या घरचे शंकरपाळे. सगळ्यात चांगलं म्हणजे एक-एक संत्रं. डिसेंबरात आंबिया बहाराचं संत्रं बाजारात असतं. साठ मुलांना आठ-नऊ किलो पुरतं. कळमन्याला मोठा व्यवहार चालतो, पण एवढ्याशा खरेदीसाठी कॉटन मार्केटला सकाळी गेलं तरी चालतं.

घरी स्वयंपाक न करता केटररकडून मागवणार असाल, तर त्याच्या अन्न परवान्याचा १४ आकडी एफएसएसएआय क्रमांक वहीत लिहून ठेवा, आणि उतरवल्याची वेळ त्याच्याकडून दर वेळी विचारून घ्या. स्वस्त पडतं म्हणून आदल्या रात्रीचं जेवण घेऊ नका. कुठल्या समारंभात उरलेलं देतो म्हणून फोन आला तर ‘नको’ म्हणायला तुमच्या दोघींना आधीच मोकळीक द्या. समोर गाडी उभी असताना नकार देणं जड जातं.

पैसे

मी पाचही रविवारांचे किराण्याचे पैसे इतवारीतल्या आमच्या दुकानदाराकडे आगाऊ भरून जाते आणि त्याच्याकडून पावती घेते. अंडीवाल्याचंही तसंच. भाजी, ऑटो आणि गॅससाठी पाच पाकिटं करते. प्रत्येकावर तारीख, आत ठरलेली रक्कम आणि पाचशे रुपये जास्तीचे. खर्चाच्या चिठ्ठ्या त्याच पाकिटात परत. तिकडून यूपीआयने पाठवीन म्हणून विसंबू नका. परदेशात ओटीपी येईना, बँकेचं ॲप उघडेना, सिम बंद पडलं, अशा वेळी तुमची मैत्रीण दुकानात उभी असते आणि तुम्ही झोपलेल्या असता.

लेक, जावई, त्यांचे मित्र यांना पैसे द्यायची इच्छा होते, आणि इथे नियम समजून घेणं फार गरजेचं आहे. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी भारतीयाने आपल्या बचतीतून नेहमीच्या बँकमार्गाने दिलेले पैसे परकीय देणगीत मोडत नाहीत. पण लेकीने तिथलं नागरिकत्व घेतलं असेल, तर ती मूळची नागपूरची असली, हातात ओसीआय (परदेशस्थ भारतीय) कार्ड असलं, तरी कायद्याच्या नजरेत तिची देणगी परकीयच. तिच्या ऑफिसातल्या गोऱ्या मैत्रिणीची तर नक्कीच. पंगतीसारख्या कामासाठी अशी देणगी एफसीआरए (परकीय देणगी नियमन कायदा) खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच घेता येते, आणि तीही संस्थेच्या दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या खात्यातच. दहा जणांनी दिलेले पौंड आपल्या खात्यात घेऊन इथे वाटायचे, हा मार्ग चांगल्या मनाने सुचतो आणि पुढे अडचणीत आणतो. मी सरळ सांगते की नोंदणी असलेल्या संस्थेला द्या, नाहीतर तुमच्या गावातल्या फूड बँकेला द्या. भुकेलं मूल तिथेही आहे.

इथल्या देणगीदारांना आयकर सवलतीची, जिला ८०जी ची म्हणतात ती, पावती हवी असेल, तर ती संस्थेमार्फतच मिळेल. दोन हजारांवरच्या रोख देणगीला ती सवलत नाही, आणि नवी करपद्धत घेतलेल्यांना तर या सवलतीचा उपयोगच नाही. हे आधी सांगून टाकलं की नंतर रुसवे होत नाहीत.

पंगतीचा क्रम, जसा वहीत लिहिला आहे

मुलं आली की आधी हात. वीस लिटरचा नळवाला कॅन आणि साबणाच्या दोन वड्या. पाणी कोमट ठेवा. गार पाण्यात पोट्टे नुसते बोटं बुडवून पळतात. मग सगळ्यांनी खाली चटईवर बसायचं, लहान मुलं पुढे. स्टीलच्या ताटात वाढायचं. पाकिटं वाटू नका. पाकीट दिलं की मोठं मूल लहानाचं हिसकावतं, कोणी ते विकतं, कोणी दोन घास खाऊन टाकून देतं. ताटात वाढलं की दुसऱ्यांदा वाढता येतं, आणि मूल किती जेवलं ते डोळ्यांनी दिसतं.

पहिली वाढ थोडीच द्या. दोन दिवस नीट न जेवलेलं मूल अधाशासारखं खातं आणि मग ओकतं. पाच मिनिटांनी दुसरी वाढ, मग हवी तेवढी.

आमच्याकडे एक मुलगा कायम अंडं खिशात टाकायचा. मळलेली खाकी चड्डी, आणि खिशातून अंड्याचा ओला डाग बाहेर आलेला. मी दोनदा म्हटलं, इथेच खा रे. तिसऱ्यांदा शेजारी बसून विचारलं, तेव्हा कळलं की लहान बहीण आईजवळ सिग्नलवर असते, तिला एवढं चालवत नाही. त्या दिवसापासून आम्ही झाकणाचे लहान डबे ठेवले. घरी कोणी असेल तर डबा भरून मिळेल, पुढच्या रविवारी डबा परत. डबे परत येतात. दहातला एखादा हरवतो, तो हरवू द्या. डबा देताना ‘तासाभरात खायला दे’ एवढं सांगायला मात्र विसरू नका, आणि हे वाक्य वहीत ठळक लिहा.

जेवणाआधी आम्ही मुलांना प्रार्थना म्हणायला लावत नाही. आमची प्रार्थना गंज उतरवताना, घरीच होते. मुलं हिंदू आहेत, मुसलमान आहेत, बौद्ध आहेत, काहींना आपण कोण ते माहीतही नाही. ताटाला अट असू नये. नाताळच्या आठवड्यात उत्साहाने गाणी म्हणणाऱ्या पाहुण्यांनाही हे आधी सांगून ठेवा. गाणी म्हणायची तर जेवण झाल्यावर, आणि मुलांना हवी ती.

फोटोंबद्दल मी कडक आहे. चेहरा दिसणारा फोटो काढायचा नाही, कोणालाही पाठवायचा नाही, लेकीलासुद्धा नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख माध्यमांतून उघड करणं गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. आपल्या नातवाचा जेवतानाचा फोटो अनोळखी लोकांच्या फोनवर फिरावा असं आपल्याला वाटेल का?

अडचणीचं पान

वहीचं शेवटचं पान लाल शाईने लिहा. तुम्ही नसताना दोघींना जे निर्णय घ्यावे लागतील, ते असे.

एकटं, अनोळखी, हरवलेलं वाटणारं मूल आलं तर आधी जेवू घाला आणि १०९८ ला फोन करा. ही मुलांची मदतवाहिनी दिवसरात्र आणि फुकट आहे. २०२३ पासून ती सरकारी यंत्रणेकडे असून ११२ शी जोडलेली आहे. असं मूल चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे हजर करावं लागतं. दया आली म्हणून कोणीही त्याला रात्री घरी न्यायचं नाही. स्टेशनवर दिसलं तर रेल्वे सुरक्षा दलाला कळवा. घरातून पळून आलेल्या मुलांना सोडवण्यासाठी त्यांची ‘नन्हे फरिश्ते’ ही मोहीमच आहे.

नशेसाठी सोल्युशन (चिकटवायचा द्रव) हुंगून आलेला मुलगा असला तर त्याला हाकलायचं नाही. बाजूला, उघड्या हवेत बसवा, पाणी द्या, एक जण जवळ राहा. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत घास द्यायचा नाही, घशात अडकतो. जाग येत नसेल, श्वास अडखळत असेल तर १०८ ची रुग्णवाहिका.

जेवल्यावर एकापेक्षा जास्त मुलांना उलट्या झाल्या तर वाढणं तिथेच थांबवा, मुलांना दवाखान्यात न्या आणि उरलेलं जेवण फेकू नका. ते तपासायला लागेल. यासाठी दर वेळी स्वच्छ झाकणाच्या डब्यात एक वाटी जेवण फ्रीजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवत चला.

थंडीसाठी ब्लँकेटं वाटायचा मोह होतो. माझा अनुभव असा की मोठी ब्लँकेटं मुलांजवळ राहत नाहीत, मोठी माणसं घेतात. कानटोपी, पायमोजे आणि अंगात घालायचा स्वेटर मात्र टिकतो. स्वेटर जुना चालेल, चेन तुटकी नको.

तिकडे गेल्यावर

हिवाळ्यात स्कॉटलंड आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं. नागपुरात पहिलं ताट वाढलं जातं तेव्हा एडिनबराला सकाळचे सात. मी स्वयंपाकघरात दिवा लावून चहा ठेवते. बाहेर मिट्ट काळोख, डिसेंबरअखेर सूर्य पावणेनऊच्या सुमाराला उगवतो. मी फोन करत नाही. आमचं ठरलं आहे की दोन वाजता, म्हणजे माझ्या साडेआठला, एक संदेश येईल आणि त्यात चारच गोष्टी असतील : किती ताटं, किती उरलं, कोणी आजारी आहे का, पाकिटात किती शिल्लक. ‘६३ ताटं, उरलं नाही, एकाला खोकला, ११०.’ एवढं वाचलं की मी लेकीला उठवते. वाढताना व्हिडिओ कॉल नको. एका हातात फोन आणि एका हातात झारा धरून कोणालाच नीट वाढता येत नाही, आणि मुलं जेवण सोडून पडद्याकडे बघत बसतात.

सामान बांधताना एक गोष्ट लक्षात ठेवा. ब्रिटनमध्ये भारतातून मांस आणि दुधाचे पदार्थ नेऊ देत नाहीत. तूप, पेढे, खव्याच्या करंज्या घरीच ठेवा. तेलातल्या चकल्या आणि शंकरपाळे मी दर वेळी नेते. तिथे २५ तारखेला मोठी दुकानं कायद्यानेच बंद असतात, रेल्वेगाड्याही धावत नाहीत. तेव्हा खरेदी आदल्या दिवशी उरकून घ्या. स्कॉटलंडमध्ये नाताळची सार्वजनिक सुट्टी १९५८ पासूनची आहे, हे ऐकून मला नवल वाटलं होतं. आमच्या हिस्लॉप कॉलेजला ज्यांचं नाव आहे, ते स्टीफन हिस्लॉप त्याच देशातून नागपूरला आले. त्यांच्या चर्चमध्ये तेव्हा नाताळ साजराच होत नसे.

घरच्यांना या कामात घ्यायचं तर पैशापलीकडेही जागा आहे. माझी नऊ वर्षांची नात वहीतलं प्रमाण ताटांच्या संख्येने गुणून देते. ‘आज्जी, सत्तर झाले तर डाळ किती?’ असं ती विचारते, आणि मी ते आकडे नागपूरला पाठवते. जावयाने मेरीज मील्स या तिथल्या संस्थेबद्दल सांगितलं. २००२ मध्ये मलावीत दोनशे मुलांपासून त्यांनी सुरुवात केली आणि आज अनेक देशांत लाखो मुलांना शाळेत रोज जेवण मिळतं. मला त्यातली एक गोष्ट फार पटली. तिथे रांधणाऱ्या त्याच गावच्या आया असतात. जेवण त्यांच्या हातात असतं, म्हणून कोणी गेलं-आलं तरी चुली पेटतात. त्यानंतर मी आमच्या पंगतीतही दोन मुलांच्या आयांना विचारलं. त्यातली एक आता फोडणीला उभी राहते, आणि तिच्या हातची खिचडी मुलांना माझ्यापेक्षा जास्त आवडते.

२५ ला मात्र मन लेकीच्या घरात ठेवा. पाच वर्षांनी भेटलेली बहीण, जावयाची आई, टर्कीभोवती जमलेलं घर, यांच्यासमोर सारखं ‘तिकडे पोरं उपाशी’ असं बोलत बसू नका. तिथल्या लोकांना ते बोचतं, आणि नागपुरातल्या मुलाच्या ताटात त्याने एक घासही वाढत नाही. तुम्ही आठ आठवडे आधी जे करून आलात, ते त्याच्या ताटात पोचलेलं आहे.

परतल्यावर

विमानातून उतरल्यावर पहिल्याच रविवारी झारा मागून घेऊ नका. पाकिटं मोजा, वही वाचा, दोघींनी समासात काय लिहिलं ते बघा. माझ्या वहीत एका वर्षी ‘मीठ १८० पुरे’ असं लिहिलेलं होतं, दुसऱ्या वर्षी ‘पालक नको, मेथी खातात’. दोन्ही तसंच चालू ठेवलं. ज्यांनी सांभाळलं त्यांना एखाद्या संध्याकाळी घरी बोलवा आणि काय जड गेलं ते विचारा. पुढच्या वर्षीच्या तारखा तेव्हाच ठरवून टाका.

मग पंगतीत चटईवर बसा आणि ताट पुढे करा. मागच्या जानेवारीत मी तशी बसले, तेव्हा खडूवाली मुलगी समोर आली. भिंतीवर एक रेघ उरली होती. माझं विमान एक रविवार आधी पोचलं होतं. ती म्हणाली, ‘‘मावशी, अजून एक बाकी आहे.’’ जेवणं आटोपली तशी तिने फ्रॉकच्या काठाने ती पुसली, आणि मग माझ्या शेजारी येऊन बसली.